सातवं कडवं

युदेलियानं एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं. ओलिवास मंडळी दुपारी मागणी घालायला येणार होती आणि सकाळी नऊच्या आत तिची तिघांशी भांडणं झाली होती, मुलीशी, इलारियोमामाशी आणि चुलीशी. चूल शेवटी पेटली. बाकीचे दोघे धुमसत राहिले.

भांडणाचं कारण एकच होतं. बाएसांच्या घरी मुलगी मागायला कोणी आलं की त्याला अंगणात बसवायचं, कॉफी द्यायची आणि होकार-नकाराचा शब्द काढण्यापूर्वी गुमारो बाएसाचा कोरिदो, म्हणजे त्याच्यावर रचलेला पोवाडा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकवायचा, अशी रीत होती. आपण कोणाच्या घरची मुलगी नेतोय, हे माणसाला कळलं पाहिजे. जो शेवटपर्यंत बसला त्याला मुलगी मिळाली. आजवर सगळेच बसले होते, कारण उठून जावं असं त्या गाण्यात कोणासाठी काही नव्हतं. अपवाद फक्त ओलिवासांचा. नऊ कडव्यांपैकी सातव्यात त्यांच्या क्रेसेन्सिओचं नाव होतं आणि ते फितुराच्या जागी होतं.

नोएमी आईच्या समोर उभी राहून कणकेचे गोळे करत होती. खालच्या शहरात दोन वर्षं शिवणकाम शिकून आल्यापासून ती वाद घालताना आवाज चढवत नसे आणि त्याचाच युदेलियाला जास्त राग येई. इलारियो आजोबांना तेवढं एक कडवं गाळायला सांग, असं ती तिसऱ्यांदा म्हणाली. चार ओळींचा तर प्रश्न आहे.

"चार ओळी," युदेलिया म्हणाली. "माझ्या बापाला त्या चार ओळींत मारलंय."

"तुझ्या बापाला शिपायांनी मारलं."

"शिपाई या डोंगरात जन्मभर हिंडले असते, तरी त्यांना गुमारोच्या घोड्याची लीदसुद्धा सापडली नसती. कोणीतरी बोट दाखवलं म्हणून सापडला."

आमच्या मिम्ब्रालमध्ये हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. सगळ्या खोऱ्याचं पाणी जमीनदारानं तारेच्या कुंपणात घेतलं, तेव्हा ती तार पहिल्यांदा तोडली ती गुमारोनं. त्यानं कुंपणातली गुरं नदीवर सोडली, सरकारनं धाडलेल्या तीन टोळ्यांना डोंगरात चकवलं आणि चौथीनं त्याला उतारावर गाठलं. शाळेत देशाचं गीत शिकवतात, पण पोरं शाळेत जातात ती गुमारोचं गाणं पाठ करूनच. शहरातले लोक आम्हाला अडाणी म्हणतात आणि आम्ही त्यांना कुंपणातले म्हणतो. आमच्यासारख्या लोकांचा एवढा मोठा माणूस नुसता घेरला जाऊन मरत नाही. त्याला दगा व्हावाच लागतो.

नोएमीनं हातातला गोळा परातीत ठेवला. गावातला पंप बिघडला म्हणून आबेल ओलिवास पहिल्यांदा आमच्याकडे आला होता. तो पंप मग वर्षभरात अकरा वेळा बिघडला, तेव्हा काय ते सगळ्यांच्या लक्षात आलं. सगळ्यांच्या म्हणजे युदेलिया सोडून. तिच्या लक्षात यायला मुलीनं स्वतः येऊन सांगावं लागलं.

"त्याचे वडील उठून गेले तर मी आबेलबरोबर निघून जाईन," नोएमी शांतपणे म्हणाली. "घोडा नाही त्याच्याकडे. ट्रक आहे."

युदेलियाला क्षणभर अभिमान वाटला, हे तिनं नंतर कबूल केलं. गुमारोनंही तिच्या आईला, एर्लिंदाला, अशीच पळवून आणली होती. पण तोंडानं ती म्हणाली, "जा. मग या अंगणात पुन्हा पाऊल टाकू नकोस."

नोएमीचे डोळे भरून आले. तिला पळून जायचं नव्हतंच. लग्न याच अंगणात, डाळिंबाच्या झाडाखाली व्हावं आणि वेणी आईनं घालावी, एवढीच तिची इच्छा होती. ती परात तिथंच टाकून बाहेर गेली आणि युदेलिया एकटीच पोळ्या लाटत राहिली.

ती ज्या दिवशी जन्मली त्याच दिवशी तिचा बाप मेला. घरात त्याचा फोटो नव्हता, कपडा नव्हता. इतर मुलींचे बाप हाडामांसाचे होते, हिचा नऊ कडव्यांचा. लहानपणी ताप आला की ती इलारियोमामाला गाणं म्हणायला लावायची आणि तापाच्या गुंगीत तिला घोड्यावरचा माणूस दिसायचा. तोंड कधी दिसलं नाही, पाठच दिसली. त्या नऊतलं एक कडवं गाळायचं म्हणजे त्या पाठमोऱ्या माणसाचा हातच तोडायचा. ती तेरा वर्षांची असताना म्हातारा क्रेसेन्सिओ मुलाला घेऊन फाटकाशी आला होता, टोपी हातात धरून. मी फक्त पाणी पाजत होतो, एवढंच सांगायचंय, असं म्हणत होता. तिनं त्याच्या तोंडावर फाटक लावून घेतलं होतं. आयुष्यात आपण केलेल्या ज्या चार गोष्टींचा तिला अभिमान होता, त्यांतली ती एक.

*

इलारियो मांडवाखाली बसून बारा तारांच्या गिटारशी झटत होता. बोटं सुजली होती, पण तारा अजून त्याचंच ऐकत. त्यानं रचलेले चाळीसएक कोरिदो असतील. वाहून गेलेल्या पुलावर होता, एका घोडीवर होता, एका बायकोवर दोन होते. लोकांना आठवतो तो एकच.

एर्लिंदा काठी टेकत त्याच्याजवळ आली. हल्ली ती अशीच येई, कुठून तरी दुसरीकडून निघाल्यासारखी. एकाहत्तराव्या वर्षी तिचे दिवस एकमेकांत मिसळायला लागले होते. कधी ती मेलेल्या दाईशी बोले, कधी अंगणातल्या उन्हाकडे बघत तासन्‌तास बसे आणि विचारलं तर म्हणे, वाळू दे, अजून ओलं आहे. घरच्यांना वाटे, म्हातारीचं डोकं विरघळत चाललंय. डोकं शाबूत होतं. ती एकाच सकाळी परत परत जात होती, एवढंच.

"इलारियो, त्या दिवशी तू काय पाहिलंस?"

इलारियोनं नेहमीप्रमाणे सांगितलं. टेकडीवर शेळ्या होत्या. खाली उतारापाशी शिपाई होते, वेताच्या झाडांत घोडे बांधून बसलेले. क्रेसेन्सिओला त्यांनी खेचरांसाठी धरून आणलं होतं आणि तो खेचरांना पाणी पाजत होता.

"आणि बोट?"

त्यानं एक तार उगाच पिळली, ती नको इतकी चढली. "बोट गाण्यात आहे."

"पाहिलंस का?"

"ताई, मी सतरा वर्षांचा होतो." त्यानं गिटार आडवी ठेवली. "सगळं गाव मला विचारत होतं, कोण, कोण. मीही विचारत होतो. गुमारोसारखा माणूस असा उगाच सापडतो होय? नऊ दिवस मला झोप नव्हती. आणि डोळे मिटले की एकच माणूस दिसायचा, खेचरांपाशी उभा असलेला. म्हणून तो घातला. पुढं लोकच मला सांगायला लागले की आम्ही पण पाहिलं. मग मलाही वाटायला लागलं की पाहिलं असेल."

एर्लिंदानं काठी बाजूला ठेवली.

"सातव्या कडव्याला मी डोळे मिटतो," तो म्हणाला. "लोकांना वाटतं, दुःखानं."

"मला का नाही विचारलंस?"

"तू बाळंतीण होतीस."

तो बरोबर बोलत होता. ती बाळंतीण होती आणि बाळंतिणीला कोणी काही विचारत नाही याचं तिला तेव्हा बरंच वाटलं होतं. ती मांडवाच्या खांबाला टेकून बसली आणि ऊन तिच्या पायांवर आलं. मग पुन्हा ती सकाळ आली, नेहमी येई तशी, काही न बोलता.

मार्च होता, गारठा होता. शिपाई आदल्या संध्याकाळी उतरले होते, म्हणून तिनं कुंपणावर लाल घोंगडी टाकली होती. लाल म्हणजे येऊ नकोस. पांढरी चादर म्हणजे ये. हे फक्त दोघांना माहीत होतं, तिला आणि डोंगरावरून बघणाऱ्या त्याला. रात्रभर कळा आल्या. दाई पलीकडच्या वाडीची होती, तिला खाणाखुणांचं काय ठाऊक. पहाटे मूल झालं, थंडीनं निळं पडायला लागलं, तेव्हा दाईनं बाहेर जाऊन ती लाल घोंगडी ओढून आणली आणि मुलीला तीत गुंडाळलं. मग बाळंतपणाच्या चादरी धुतल्या आणि कुंपणावर वाळत घातल्या.

एर्लिंदाला खाटेवरून दारातून त्या दिसत होत्या. दोन चादरी, वाऱ्यात हळूहळू फुगणाऱ्या. सगळं दार पांढरं झालं होतं. ती ग्लानीत होती, हे खरं. पण एवढीही नव्हती. एक हाक मारायची होती, बाई, त्या काढा. तिनं हाक मारली नाही. येऊ दे, असं तिला वाटलं. एकदा पाहून जाऊ दे. शिपाई काय, नेहमीच असतात.

नवव्या दिवशी इलारियोनं अंगणात पहिल्यांदा गाणं म्हटलं आणि सगळं खोरं रडलं. सातवं कडवं आलं तेव्हा तीही रडली, पण आतून तिला बरं वाटलं. कोणीतरी सापडला होता आणि ती नव्हती. त्या बरं वाटण्यावर तिनं बावन्न वर्षं काढली.

आता ती भावाला म्हणाली की आज गाणं म्हण, पण सातव्यापाशी माझ्याकडे बघ. इलारियोनं का म्हणून विचारलं. ती उन्हाकडे बघत राहिली आणि त्याला वाटलं, गेली पुन्हा.

*

क्लेओफास ओलिवास आला तो गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा सदरा घालून. साठीचा, सडपातळ, कमी बोलणारा. बरोबर मुलगा आबेल, हातात रीतीप्रमाणे पाव, चॉकलेट आणि साखरेची टोपली. नोएमीनं टोपली घेतली. 

क्लेओफासनं अंगणातल्या सगळ्या खुर्च्यांमधून फाटकाजवळची निवडली. नोएमीनं ते पाहिलं. युदेलियानंही पाहिलं. तिनं कॉफी दिली, साखर किती विचारलं, सगळं अगदी नीट केलं. मग म्हणाली की आमच्याकडे आधी गाणं होतं, तुम्हाला माहीतच असेल.

"माहीत आहे," क्लेओफास म्हणाला. "त्यासाठीच आलोय."

इलारियोनं सूर धरला.

सन दहाचं साल होतं,
मार्चमधला शुक्रवार,
मिम्ब्रालच्या उताराशी
पडला गुमारो स्वार.

हे गाणं सुरू झालं की काय होतं ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून कळत नाही. दुपार मंद झाली. कोंबड्या भिंतीच्या सावलीत बसल्या. दुसऱ्या कडव्यात तार तुटली, तिसऱ्यात कुंपणातली गुरं नदीकडे निघाली, आणि शेकडो खुरांची धूळ उडून अंगणात खाली बसतेय असं नोएमीला लहानपणापासून वाटायचं तसंच आजही वाटलं. जमीनदाराचा मुकादम झाडावर चढून बसला त्या ओळीला आबेल हसला. आणि मग तिला दिसलं की क्लेओफासचा पायसुद्धा जमिनीवर हलकेच ठेका धरतोय. गुमारोचं पाणी त्याच्याही शेताला मिळालं होतं. खोरं त्याचंही होतं. तिला एकदम रडू आलं आणि ते का, हे तिला कळेना.

चौथं झालं. पाचवं झालं. सहाव्यात गुमारो डोंगरावरून खाली बघतो. त्या कडव्याची शेवटची ओळ लांबवून म्हणायची असते. इलारियोनं ती फारच लांबवली. क्लेओफासचा पाय थांबला होता. त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, दात काढायला बसलेला माणूस ठेवतो तसे, आणि समोर बघायला लागला. आबेल वडिलांकडे बघत होता. युदेलिया क्लेओफासकडे. इलारियोनं डोळे मिटले नाहीत, बहिणीकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

ओलिवास क्रेसेन्सिओ
पाणी पाजी खेचरांना,
बोट करून दावी वाट...

एर्लिंदाचा तळवा तारांवर पडला. ती उठलेली कोणाला दिसलीच नव्हती.

"कोणी बोट दाखवलं नाही," ती म्हणाली. "त्याला मी बोलावलं."

युदेलिया पटकन पुढं झाली. आईला ऊन लागलंय, तिला आत नेते, असं काहीसं पाहुण्यांना सांगायला लागली. एर्लिंदानं तिचा हात बाजूला केला, हळूच, पण केला. आणि सांगायला लागली. लाल घोंगडी आणि पांढरी चादर. पलीकडच्या वाडीची दाई. दारातून काय दिसत होतं आणि हाक कशी मारली नाही. ती भरभर बोलली नाही, रडली नाही. कित्येक वर्षं मनात घोळवलेली गोष्ट माणूस सांगतो तशी सांगितली, एकही शब्द न शोधता.

"मी जागी होते," ती शेवटी म्हणाली. "तेवढं एक मी स्वतःपासूनसुद्धा लपवायचे. मी जागी होते आणि मला तो यायला हवा होता."

इलारियो गिटारवर वाकला होता. त्याचा चेहरा कोणाला दिसत नव्हता.

युदेलिया उभीच होती. नोएमीला वाटलं, आता आई किंचाळेल. पण युदेलियाच्या कानात सगळ्यात शेवटचं वाक्य पोचलंच नव्हतं. ती त्याच्या अलीकडेच कुठंतरी अडकली होती.

"म्हणजे तो आला होता?" तिनं विचारलं. "घरात?"

"आला होता."

"गाण्यात तो घराकडे येताना मरतो."

"गाण्यात. खरं तर परत जाताना गेला." एर्लिंदानं मुलीकडे पाहिलं. "तू रडत होतीस. त्यानं तुला उचललं, घोंगडीसकट. तू गप्प होईपर्यंत आतल्या खोलीत येरझारा घालत होता. मी म्हटलं, आता जा. तर म्हणाला, झोपू दे तिला, मग जातो."

युदेलिया खाली बसली. खुर्ची नव्हती, ती मातीतच बसली. बावन्न वर्षं ती एका पाठीकडे बघत आली होती. त्या माणसानं तिला हातात घेतलं होतं, तिच्यासाठी खोलीत फेऱ्या मारल्या होत्या, आणि एवढी गोष्ट एका कडव्यात मावण्यासारखी असून कोणी घातली नव्हती. तिला आईचा भयंकर राग आला. तेवढाच आनंदही झाला. दोन्हींचं काय करायचं ते तिला समजेना.

इलारियो कसाबसा म्हणाला की सातव्या कडव्याच्या जागी आता काय म्हणू.

"काही म्हणू नकोस," एर्लिंदा म्हणाली. "नुसतं वाजव."

इतका वेळ क्लेओफासकडे कोणी पाहिलं नव्हतं. तो उभा राहिला.

"माझे वडील सदतीस साली गेले," तो म्हणाला. "शेवटच्या आठवड्यात भान नव्हतं. तरी म्हणत होते, मी फक्त पाणी पाजत होतो."

"खरं होतं ते."

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आम्ही फाटकाशी आलो होतो तेव्हाही?"

"हो. मी आतच होते, पडद्यामागे. सगळं ऐकलं."

क्लेओफासनं टोपी उचलली. त्याचा आवाज चढला नाही, पण टोपीची कड त्याच्या मुठीत चुरगळली होती. "कडवं ऐकून घ्यायची तयारी करून आलो होतो, एर्लिंदाबाई. मुलासाठी. रात्रभर मनाला समजावत होतो. याची तयारी केली नव्हती."

त्यानं आबेलला चल म्हटलं नाही. एकटाच फाटकाकडे वळला. नोएमीला कळलं की हे खोटं कडवं ऐकून तो बसून राहिला असता आणि खऱ्या गोष्टीनं त्याला उठवलं. आता तो गेला तर परत येणार नाही, आणि आबेल बापाला एकटं सोडणारा मुलगा नव्हता. ट्रकबिक सगळं बोलण्यापुरतं होतं. तिनं आबेलकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली होती.

युदेलिया मातीतून उठली. स्कर्ट झटकला नाही. ती फाटकाशी जाऊन त्याच्या समोर उभी राहिली, तेव्हा त्याला वाटलं असावं की ही आता फाटक लावून घेणार, कारण तो थांबला.

"हे फाटक मी लावलं होतं," ती म्हणाली. "तुमच्या वडिलांच्या तोंडावर. मी तेरा वर्षांची होते, पण लावलं मीच. त्याची फुशारकी मारत आले."

"मला आठवतंय. मी होतो."

"तुम्हाला थांबा म्हणायचा मला अधिकार नाही. गाणं संपेपर्यंत तरी बसा."

क्लेओफास थोडं हसला, वाईट हसला. "बाई, ते संपतं कसं हे मला माहीत नाही."

तिला वाटलं, तो टोमणा मारतोय.

"खरंच नाही," तो म्हणाला. "लग्नात म्हणा, जत्रेत म्हणा, सातवं आलं की आम्ही उठून जायचो. आई आमचे कान धरून बाहेर न्यायची. पुढं रेडिओवर लागायला लागलं तेव्हा मी बंद करायचो. गुमारो मेला, एवढं माहीत आहे. पुढं काय आहे ते मी कधी ऐकलेलं नाही."

अंगणात कोणी हललं नाही. आमच्या खोऱ्यात जन्मलेल्या, साठ वर्षांच्या माणसाला गुमारोच्या गाण्याचा शेवट माहीत नाही, ही गोष्ट तिथल्या कोणाच्या डोक्यात बसेना. नोएमीला ती सगळ्यात आधी कळली आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

युदेलियानं मामाकडे पाहिलं. इलारियोनं गिटार उचलली, पण बोटं तारांवर टेकवली आणि तशीच ठेवली. ती वाजेनात. म्हातारा मान हलवत राहिला, नाही, नाही. मग युदेलियानं स्वतःच म्हटलं, साथीशिवाय, फाटकात उभी राहून. आमच्याकडे बायका कोरिदो म्हणत नाहीत. चुलीपाशी गुणगुणतात, एवढंच. तिचा आवाज जाडसर होता आणि पहिल्या ओळीला फाटला.

गोळ्या लागल्या सात, पण
पाठ दिसली ना कुणा,
घोडा पोचला पल्याड,
स्वार तेवढा उणा.

क्लेओफास ऐकत होता. टोपी त्यानं छातीशी धरली होती, कोणाची तरी प्रेतयात्रा जात असताना धरतात तशी. युदेलियानं श्वास घेतला आणि नववं म्हटलं. हजार वेळा ऐकलेलं, सगळ्यांना पाठ, खुर्च्या सरकवत, टोप्या शोधत, कॉफीचे पेले गोळा करत लोक ज्याच्याकडे लक्षही देत नाहीत असं शेवटचं कडवं.

इथंच सरलं हे गाणं,
निरोप द्या, मायबाप,
चुकलंमाकलं असेल ते
इलारियोला करा माफ.

डाळिंबाच्या झाडावर एक पाखरू बोललं आणि थांबलं. क्लेओफास मांडवाकडे वळला.

"हे नंतर घातलंत?" त्यानं विचारलं.

"नाही," इलारियो म्हणाला.  "पहिल्या दिवसापासून आहे. प्रत्येक कोरिदोला असतं. रीत आहे तशी."

"म्हणजे प्रत्येक वेळी माफी मागत होतात."

"प्रत्येक वेळी."

"आणि मी नेमका त्याच्या आधी उठून गेलेला असायचो," क्लेओफास म्हणाला.

 मग तो परत आला आणि बसला. फाटकाजवळच्या खुर्चीत नाही, मांडवाखाली, इलारियोसमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. टोपी मांडीवर ठेवली. माफ केलं असं तो म्हणाला नाही आणि कोणी विचारण्याचं धाडसही केलं नाही.

"शेवटचं तेवढं पुन्हा म्हणा," तो युदेलियाला म्हणाला. "सावकाश."

युदेलियानं पुन्हा म्हटलं. शेवटच्या ओळीपाशी ती अडखळली, आईकडे पाहिलं, आणि मामाचं नाव काढून तिथं घराचं घातलं. चुकलंमाकलं असेल ते, बाएसांना करा माफ. ओळ बरोबर बसली.